समजावायचं ते त्या मुलींना नव्हे, आपल्या माणसांना

ताई, सप्रेम नमस्कार. मी एकसष्ट वर्षांची, निवृत्त बँक कर्मचारी. पुण्यात मोठ्या सोसायटीत राहते. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये दीड वर्षापासून तीन मुली भाड्यानं राहतात. दोघी मणिपूरच्या उखरूलच्या, एक मिझोरामची. एक नर्स आहे, दोघी हॉटेलात नोकरी करतात. भाडं वेळेवर, गोंधळ नाही. पण त्या काहीतरी वासाचं शिजवतात, त्यावरून कुरबुर सुरू झाली. मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "बी विंगमधलं चायना टाउन", "मोमो गँग" असे मेसेज यायला लागले. आता सप्टेंबरच्या वार्षिक सभेत "नॉर्थ ईस्टचे भाडेकरू ठेवू नयेत" असा ठराव आणायचं चाललंय. मांडणारे माझ्या भिशीतलेच आहेत, अडीअडचणीला धावून येणारे. मागच्या आठवड्यात लिफ्टमध्ये माझ्या नऊ वर्षांच्या नातवानं त्यांच्यातल्या एकीकडे बघून डोळे ताणले आणि "चिंग चाँग" म्हणाला. ती हसली. आमच्या हातात पिशव्या होत्या म्हणून तिनं आमच्यासाठी लिफ्टचं दार धरलं. मी काही बोलले नाही. रात्री झोप लागली नाही. हे म्हणतात, यात पडू नकोस. मला वाटतं, सभेत अपमान होण्याआधी त्या मुलींना मीच हळूच सांगावं, की दुसरीकडे जागा बघा, निदान खिडक्या लावून स्वयंपाक करत जा. सांगू का? आणि नातवाला कसं समजावू? *(नाव नको, पुणे)*

---

नमस्कार.

पत्रात तुम्ही लिहिलंत, "तिनं आमच्यासाठी लिफ्टचं दार धरलं." ते वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. नऊ वर्षांचं पोर चिडवतं आणि ती हसून दार धरते, त्या हसण्याला सराव लागतो. हे तिनं बसस्टॉपवर, भाजीवाल्यासमोर, कामाच्या ठिकाणी अनेकदा ऐकलेलं असतं. कधी उत्तर द्यायचं आणि कधी हसून मोकळं व्हायचं, याचा हिशेब तिनं केव्हाच मांडून ठेवलाय. त्या दिवशी लिफ्टमध्ये तिच्यासमोर एक मूल होतं आणि एक आजी होती. तिनं आजीकडे पाहिलं असणार. आजी काय म्हणते, याची तिनं क्षणभर वाट पाहिली असणार.

हे मी ठामपणे लिहिते, कारण मीही असं पाहिलंय. २०२०च्या मार्चअखेरीस आमच्याकडच्या किराणा दुकानाबाहेर खडूनं गोल आखले होते आणि आम्ही एकेका गोलात उभे होतो. माझ्या पुढच्या गोलात मणिपूरची एक मुलगी होती. गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र. मागून एक गृहस्थ ओरडले, "ए कोरोना, तू मागे जा." ती काही न बोलता रांगेच्या शेवटी गेली. जाताना तिनं त्या गृहस्थांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीची घडी नीट करत राहिले. तेव्हापासून मला कळलंय की शिवी देणाऱ्याकडून अशा माणसाची काही अपेक्षाच नसते, बघणाऱ्याकडून असते. म्हणून तुमची झोप उडाली हे मला फार मोलाचं वाटतं.

आता तुमचा पहिला प्रश्न. नाही, त्यांना दुसरीकडे जायला सांगू नका. खिडक्या लावायलाही सांगू नका. तुमचा हेतू मायेचा आहे याबद्दल मला शंका नाही. पण दाराशी जाऊन तुम्ही हे बोललात की त्यांच्या कानावर एवढंच पडेल: समोरच्या काकूंनाही आपण नको आहोत. ग्रुपवरच्या दहा मेसेजपेक्षा ते एक वाक्य जास्त लागेल, कारण ते चांगल्या माणसाकडून आलेलं असेल. बोलायची गरज आहेच. पण ते भिशीतल्या तुमच्या मैत्रिणींशी, ठराव आणणाऱ्यांशी, यजमानांशी, नातवाशी. या माणसांशी त्या मुली बोलू शकत नाहीत, तुम्ही बोलू शकता. तुमचं मराठी, तुमचं वय, तीस वर्षं एकमेकांच्या घरी खाल्लेल्या पुरणपोळ्या, हे सगळं तुमच्या बाजूला आहे. त्यांच्याकडे यातलं काहीच नाही.

तुमच्या पत्रातली आणखी एक गोष्ट लक्षात आली. नातवाचं नाव आहे, भिशीतल्या बायकांची नावं आहेत (मी इथे ती छापत नाही), पण त्या तिघींची नावं कुठेच नाहीत. दीड वर्षात विचारलीच नसतील तर आधी तेवढं करा. नाव कळलं की "ते नॉर्थ ईस्टवाले" म्हणणं आपोआप जड जातं. आणि "नॉर्थ ईस्ट" हे काही एक गाव नाही. उखरूलच्या मुली बहुधा तांखुल या नागा जमातीच्या असतील. मिझोरामच्या मुलीला त्यांची भाषा कळत नाही, त्यांना तिची कळत नाही. तांखुलांमध्ये तर गावागणिक बोली बदलते. म्हणजे समोरच्या फ्लॅटमध्ये रात्री जेवताना ज्या गप्पा चालतात त्या हिंदीत किंवा इंग्रजीत असणार. आपण मात्र तिघींना एकाच शब्दात गुंडाळून टाकतो.

आता वासाबद्दल, कारण सगळं तिथूनच सुरू झालंय. मणिपुरात ङारी नावाची आंबवलेली मासळी असते, गोड्या पाण्यातली, मडक्यात दाबून टिकवलेली. आंबवलेलं सोयाबीनही असतं. दोन्हींना वास येतो, उग्रच येतो. मी कोकणातली आहे. पावसाळ्यात आमच्याकडे सुकट भाजायला घेतली की तीन घरांपलीकडच्यांना कळायचं. सुके बोंबील आणि जवळा हे आमच्या आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, खरेदीतलं सोनं. मुंबईत नोकरीला आलेल्या माझ्या मामाला याच वासापायी घरमालकानं सहा महिन्यांत जागा सोडायला लावली होती. मामी पुढे कितीतरी वर्षं सुकट करताना खिडक्या लावून घ्यायची. धुरानं डोळे लाल व्हायचे तिचे. तुम्ही खिडक्या लावण्याचं लिहिलंत तेव्हा मला ती दिसली.

वास ही तक्रार असू शकते, नाही असं नाही. पण मग ती सगळ्यांच्या वासाबद्दल हवी. चिमणीचं तोंड पॅसेजमध्ये निघत असेल तर ते डक्टमध्ये वळवा, फ्लॅटमालकाला एक्झॉस्ट बसवायला सांगा. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि त्याला ठराव लागत नाही. एक्झॉस्ट बसल्यावरही कुरबुर थांबली नाही, तर ती वासाबद्दल नव्हती हे सगळ्यांनाच कळेल.

कारण ती चेहऱ्याबद्दल आहे. हे शब्द किती दूर जाऊ शकतात तेही सांगते. जानेवारी २०१४ मध्ये निदो तानिया हा अरुणाचलचा विद्यार्थी दिल्लीच्या लाजपतनगर बाजारात पत्ता विचारायला थांबला. दुकानातल्यांनी त्याच्या केसांची, दिसण्याची टिंगल केली, त्यानं विरोध केला, मारामारी झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. सुरुवात टिंगलीनंच झाली होती. त्यानंतर केंद्र सरकारनं एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच वर्षी जुलैमध्ये अहवाल आला. वंशावरून होणाऱ्या अपमानासाठी दंडसंहितेत वेगळी कलमं घाला, अशी त्यात शिफारस होती. ती कलमं आलीच नाहीत.

आणि हे सगळं दिल्लीतच घडतं असं समजू नका. ऑगस्ट २०१२ आठवतोय? आसामात कोक्राझारच्या बाजूला हिंसाचार झाला, इकडे मोबाइलवर धमक्यांचे निरोप आणि अफवा फिरायला लागल्या, पुण्यात ईशान्येकडच्या मुलांना मारहाण झाली. चार-पाच दिवसांत पुण्याहून, बंगळूरूहून, चेन्नईहून हजारो माणसं मिळेल त्या गाडीनं गुवाहाटीला निघाली. बंगळूरूहून रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागल्या, सरकारला घाऊक एसएमएस बंद करावे लागले. पगार, परीक्षा, खोलीची अनामत, सगळं मागे टाकून माणसं का पळाली असतील? कारण आपल्यावर कोणी धावून आलं तर शेजारी दार उघडेल, याची त्यांना खात्री वाटली नाही.

तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "अहो, गंमत आहे" म्हणणारे असतीलच. त्यांच्याशी वाद घालत बसू नका. पुढचा मेसेज आला की सगळ्यांसमोर एवढंच लिहा: "समोरच्या घरातल्या मुलींना नावं आहेत. आपल्या ग्रुपवर कोणाच्याही चेहऱ्यावरून बोलायचं नाही. कृपया हा मेसेज काढून टाका." लांबलचक लिहू नका, फॉरवर्ड जोडू नका. चिडलेले किंवा हात जोडलेले इमोजी तर अजिबात नकोत. कोणी उलट बोललं तर तेच वाक्य पुन्हा टाका. माझा अनुभव असा आहे की पहिल्या माणसानं लिहिलं की तासाभरात दोघं-तिघं खाली अंगठा देतात. तेही वाटच पाहत असतात.

मात्र एका मोहापासून जपा. बचाव करताना आपण पटकन म्हणतो, "अहो, त्या नेपाळी नाहीत, चायनीज नाहीत, भारतीय आहेत." हे खरं आहे, पण अर्धवट आहे. तुमच्या गेटवर रात्री जो वॉचमन बसतो तो नेपाळचा असेल तर त्याला "ए बहादूर" म्हणायला मोकळीक मिळाली का? एखादी मुलगी खरंच चीनची असती, शिकायला आलेली, तर तिला पाहून डोळे ताणलेले चालले असते का? पासपोर्ट कुठलाही असो, तोंडावर चेष्टा नको. एवढंच धरून ठेवा.

भिशीतल्या मैत्रिणीशी एकांतात बोला. ती तुमच्या अडचणीला धावणारी आहे असं लिहिलंत, तर तिच्या चांगुलपणालाच हाक घाला. तिचा मुलगा किंवा भाचा परदेशात असेलच. पुण्यातल्या कुठल्या सोसायटीत नाही? तिकडे कोणी त्याला "तुझ्या देशात परत जा" म्हटलं, त्याच्या डब्यातल्या फोडणीच्या वासावरून घरमालकानं जागा नाकारली, तर तिला कसं वाटेल ते विचारा. एवढ्या दूर जायचीही गरज नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली, "महाराष्ट्रीयन लोकांना देत नाही" असं तोंडावर सांगितलं. तिचा व्हिडिओ पाहून आपण सगळे पेटून उठलो होतो. तुमच्या ग्रुपवरही तो नक्की फिरला असेल. शोधून काढा. ज्यांनी तेव्हा संताप लिहिला होता, त्यांचीच नावं आता ठरावाखाली असतील तर त्यांना तेवढंच दाखवा आणि गप्प बसा. मराठी माणसाला मुंबईत जागा नाकारणं जर अन्याय आहे, तर पुण्यात आपण करतोय ते दुसरं काय आहे?

आपला स्वतःचा इतिहासही स्वच्छ नाही, हे मान्य करायला हवं. साठ-सत्तरच्या दशकांत मुंबईत दाक्षिणात्यांच्या लुंगीवरून घोषणा झाल्या, उडप्यांची हॉटेलं फुटली. २००८ मध्ये रेल्वेच्या परीक्षेला आलेली उत्तरेकडची पोरं मार खाऊन परत गेली. नोकऱ्यांचे, भाषेचे प्रश्न खरे होते आणि आहेत. पण त्यासाठी ज्याच्या कानाखाली बसली तो दरवेळी आपल्यासारखाच पोटामागे आलेला माणूस होता.

तुमच्या सोसायटीत एखादे निवृत्त फौजी काका असतील तर त्यांच्याशी सांगशाकबद्दल बोला. उखरूलच्या बाजूचं गाव आहे ते, तांखुलांचं. मार्च १९४४ मध्ये जपानी फौज ब्रह्मदेशातून आत घुसली तेव्हा तिथल्या टेकडीवर पॅराशूट ब्रिगेडबरोबर आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण होती, पाचव्या मराठाची चौथी बटालियन. प्यायला पाणी नाही, खणायला खडक, अशा स्थितीत ती माणसं दिवसचे दिवस लढली. त्यामुळे कोहिमाकडे निघालेली जपानी फौज रखडली. आपल्याकडच्या खेड्यांतली कितीतरी पोरं तिथल्या मातीत राहिली. ज्यांच्या घराअंगणात ते युद्ध झालं, त्यांच्या नाती-पणती आज तुमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतायत. मानानं राहायला त्यांना असला कुठलाही पुरावा द्यायची गरज नाही. पण "ह्या कुठल्या कोण" असं विचारणाऱ्याला उत्तर हवं असेल तर ते हे आहे.

आता सभा. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्यानं देण्यासाठी सभासदाला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आधी कळवायचं, कराराची प्रत आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, एवढंच. बिनभोगवटा शुल्कही (फ्लॅट भाड्यानं दिल्याबद्दल सोसायटी मालकाकडून घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. तेव्हा "परवडत नसेल तर जातील" म्हणून रक्कम वाढवायचा डाव असेल तर तोही चालणार नाही. तुमच्या सोसायटीनं कोणते उपविधी स्वीकारलेत ते ऑफिसमधून मागून घ्या आणि ते पान सभेला घेऊन जा. फ्लॅटमालकाला आजच फोन करा. त्यांना यातलं काही माहीतच नसेल, आणि ठरावाला हरकत घ्यायचा पहिला हक्क त्यांचा आहे.

सभेत भाषण करू नका. तीन गोष्टी करा. या भाडेकरूंविरुद्ध लेखी तक्रारी किती, कोणत्या तारखांच्या, कशाबद्दल, ते विचारा. आवाज, कचरा, पार्किंग यांबद्दल नियम करायचा असेल तर तो सर्व भाडेकरूंना आणि मालकांनाही लागू करा, असं सुचवा. आणि तरीही ठराव मताला आला तर उभं राहून म्हणा, "माझा विरोध इतिवृत्तात नावासकट नोंदवा." माणसं हात वर करायला तयार असतात, पण कागदावर नाव आलं की विचार करतात. एवढं करूनही मंजूर झाला तर मालकाबरोबर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे लेखी तक्रार देता येते.

कायद्याबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. खासगी मालकानं चेहरा बघून घर नाकारलं तर त्याला थेट अडवणारा कायदा आपल्याकडे नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पारशी सोसायटीला फक्त पारशी सभासद ठेवायची मुभा दिली होती. पण शिवीगाळ, धमकी, बाईला उद्देशून घाणेरडे शब्द यांवर भारतीय न्याय संहितेत कलमं आहेत. आणखी एक, जे फार जणांना माहीत नाही: अनुसूचित जमातीच्या माणसाला अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण त्याच्या राज्याबाहेरही मिळतं, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानं डिसेंबर २०२३ मध्ये दिलाय. कोणी दारावर येऊन धमकावलं तर हे उपयोगी पडेल. मात्र पोलिसांकडे जायचं की नाही हे त्या मुलींनी ठरवायचं. त्यांना नोकरी सांभाळायची असते, रात्रपाळीवरून एकटीनं परत यायचं असतं. तुम्ही फक्त म्हणा, "जायचं असेल तर मी बरोबर येईन."

त्यांच्याशी बोलायचंच आहे ना? मग असं बोला. जिन्यात नको, दाराशीही नको, त्यांना सवड असेल तेव्हा विचारून जा. "सभेत असा विषय येतोय. मला तो मान्य नाही, मी विरोध करणार आहे. तुम्हाला काय वाटतं, मी काय करावं?" आणि मग ऐका. कदाचित म्हणतील, काकू, आमचं नाव घेऊ नका, वाढेल. मग नाव न घेता बोला. पहिल्याच भेटीत कुत्र्याच्या मटणाचा प्रश्न नको. "तुमचं मराठी छान आहे हं" असं कौतुक नको, आणि बर्फीचा डबा घेऊन डोळ्यांत पाणी आणणंही नको. तुमची समजूत काढण्याचं काम त्यांच्यावर पडता कामा नये.

नातवाबद्दल. त्याला रागावू नका. शाळेतून किंवा मोठ्यांच्या तोंडून ऐकलेलं तो तोंडानं करतोय. आधी विचारा, "हे तू कुठे ऐकलंस?" उत्तर कदाचित तुमच्याच दिवाणखान्यातून येईल. तयारी ठेवा. मग लिफ्टमधलंच आठवून द्या: "तू डोळे ताणलेस तेव्हा ती काय करत होती? आपल्यासाठी दार धरत होती." एवढं पुरतं, मुलांना न्याय-अन्याय चटकन कळतो. पुढचं मात्र त्यालाही आणि तुम्हालाही जड जाईल. तिला आधी विचारा, आणि ती हो म्हणाली तर त्याला घेऊन जा. त्यानं म्हणावं, "मी चिडवलं, माझं चुकलं." आणि लगेच तुम्ही म्हणा, "मी तिथे होते आणि गप्प राहिले, माझंही चुकलं." आजी मोठ्या माणसासारखी माफी मागते हे त्यानं बघितलं तर दहा संस्कारवर्गांचं काम होईल.

यजमान म्हणतात यात पडू नकोस. त्यांना सांगा, की लिफ्टमध्ये आपण पडलोच आहोत.

आणि एवढं सगळं करून त्या तिघींनीच दुसरीकडे जायचं ठरवलं तर? तर तो त्यांचा निर्णय, वाईट वाटून घेऊ नका आणि "आता कुठे सगळं ठीक होत होतं" म्हणून थांबवूही नका. अनामत रक्कम पूर्ण परत मिळते की नाही ते बघा. रंगकामाच्या नावाखाली कापून घेतात. नवीन घरमालक चौकशी करायला लागला की तुमचा नंबर द्यायला सांगा. फोन आला की म्हणा, "दीड वर्ष माझ्या समोर राहत होत्या. तिघींनाही नावानं ओळखते. चांगल्या शेजारी आहेत."